धाकटीचं दुखणं

बस सिग्नलला थांबली, थोरलीनं सहज काचेबाहेर पाहिलं आणि तिला आपल्या लेकीच्या खांद्यावर धाकटीची पर्स दिसली. लेक नंतर दिसली, धाकटी त्याहून नंतर. आधी दिसली ती पर्स. तपकिरी, लांब पट्ट्याची. मागं एकदा "मला शोभेल गं ही" असं थोरलीनं हसत हसत म्हटलं होतं आणि धाकटीनं तितकंच गोड हसून ती दुसऱ्या खांद्यावर सरकवली होती, तीच. आता ती लेकीच्या खांद्यावर अशी बसली होती की जशी काही तिथंच वाढली. लेकीचा एक हात धाकटीच्या कोपराखाली. रस्ता ओलांडायला दोघी थांबल्या होत्या, लेक मान वाकवून काहीतरी सांगत होती आणि धाकटी शहाण्या पोरीसारखी मान हलवत होती. सकाळी ह्याच लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "आई, आज दिवसभर मीटिंग आहे, फोन करू नकोस." थोरलीच्या मांडीवर मशीनचा नवा पट्टा होता, कागदात गुंडाळलेला. तिनं तो इतका आवळला की कागद फाटला. पहिला विचार मनात आला तो असा, की मला टाळून दोघी खरेदीला निघाल्या. दुसरा असा, की दोघी माझ्याबद्दलच बोलतायत. बस सुटली, दोघी उभ्या होत्या ते मोठं फाटक मागं पडलं. फाटकावरची पाटी तिला अक्षरं जुळवत वाचावी लागली असती, पण आत उभी असलेली रुग्णवाहिका काही वाचावी लागत नाही. तेव्हा कुठं तिसरा विचार आला. तो तिसरा का आला, याची थोरलीला मुळीच लाज वाटली नाही. ज्यांना सगळ्यात आधी बहिणीची काळजी वाटते त्यांना सख्खी बहीण नसते, असं तिचं स्वच्छ मत होतं.

लॉन्ड्रीत येऊन तिनं पट्टा बसवून घेतला आणि इस्त्रीवाल्याला काही कारण नसताना झापलं. तोही सवयीचा, मान खाली घालून वाफ सोडत राहिला. लॉन्ड्री तिचीच. नवऱ्यानं उघडली म्हणायचं, पण नवरा आरंभशूर; उघडली आणि वर्षभरात देवाघरी निघून गेला. मग कडेवरच्या पोरीला घेऊन हिनंच ती चालवली, हॉटेलच्या चादरी, दवाखान्यांचे डगले, लग्नाचे सूट, पडदे. शिक्षण चौथीपर्यंत, पण कापड नाकाजवळ नेलं की ते अंगावर घालणारा काल कुठं होता आणि कुणाला काय थापा मारून आला, ते तिला कळे. चहाच्या डागाला काय, ग्रीसला काय, शाईला काय, सगळं तोंडपाठ. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही. गरम लावलं की ते कापडात घर करून बसतं. गार पाणी, मीठ, आणि घाई न करता चोळायचं. हे ती कुठं शिकली असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "पोटात असताना." गेलं वर्षभर हेच गार पाणी ती स्वतःच्या कपड्यांना लावत होती. मूळव्याध, दुसरं काय असणार. दिवसभर गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्यावर होणारच. कधी चार-चार दिवस पोट साफ नाही, कधी सकाळपासून धावपळ, आणि जाऊन आलं तरी अजून काहीतरी आत राहिल्यासारखं वाटत राही. माळ्यावरची गठडी उतरवताना धाप लागे. पण त्यातच एक गोष्ट फार सुखाची झाली होती. तिचे ब्लाऊज सैल झाले होते. जन्मात पहिल्यांदा. धाकटी आयुष्यभर वेताच्या छडीसारखी आणि ही गठडीसारखी; आणि आता आरशात गालाची हाडं दिसायला लागली होती. कापड दुकानातला म्हातारा सेल्समन म्हणालासुद्धा होता, "ताई, काय हो, वजन उतरवलंत! औषध कुठलं?" ते वाक्य तिनं कितीतरी दिवस जिभेखाली गोळीसारखं ठेवलं होतं. खाणं काही कमी केलं नव्हतं. आपोआप होत होतं. आपोआप मिळालेली गोष्ट तिच्या वाट्याला फारशी कधी आली नव्हती, म्हणून तिनं तिची चौकशी केली नाही.

दुकान बंद व्हायच्या सुमाराला लेक आली. पर्स नव्हती आता. गल्ल्याला टेकून उभी राहिली आणि समोरच्या टॉवेलच्या घड्या पुन्हा पुन्हा सरळ करायला लागली, म्हणजे काहीतरी सांगायचं होतं.

"मीटिंग कशी झाली?" थोरलीनं विचारलं.

"आई, मावशीच्या आतड्यात गाठ निघालीय. मोठ्या आतड्यात."

"कसली गाठ?"

"कॅन्सरची. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

ड्रायर गरगरत होता. आत कुणाच्या तरी शर्टाचं बटण पत्र्यावर टकटक आपटत होतं आणि थोरली ते ऐकत राहिली.

"तुला कधी कळलं?"

"झाले पंधरा-एक दिवस. मावशीच म्हणाली, ताईला इतक्यात नको सांगू, तिला दुकान असतं."

"दुकान मला असतं. दुकानाला मी नसते. सख्खी बहीण आहे मी तिची, शेजारीण नाही."

"बघ, म्हणूनच," लेक म्हणाली आणि थकून हसली. "म्हणूनच नाही सांगितलं. तू लगेच भांडणार."

"मी भांडत नाही. विचारतेय. सोबत कोण होतं तिच्या?"

"मी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्या "दर वेळी"नं थोरलीला जे झालं ते गाठीनं झालं नव्हतं. घरी आल्यावर ती दिवा न लावता पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. लेक लहान असताना दुपारी शाळेतून थेट धाकटीकडे जायची. धाकटी शिक्षिका, दुपारी घरी. शिवाय तिला मूल नाही. थोरलीला लॉन्ड्री. सोय होती ती, दोन्ही बाजूंची. पण सोयीसोयीनं पोरगी सायकल शिकली ती धाकटीच्या अंगणात, पहिली कविता पाठ केली ती धाकटीच्या मांडीवर, आणि न्हाती झाली त्या दिवशी पहिलं धावली तीही मावशीकडेच. आईकडे आला तो फक्त फ्रॉक, धुवायला. गार पाण्यात. लेकीचं सगळं आयुष्य थोरलीपर्यंत असंच येई, कुणीतरी आधी वापरून, डाग पडल्यावर. आणि आता हे दुखणं. तिनं स्वतःशी हिशेब मांडला. धाकटी पालेभाज्या खाणार, फळं खाणार, कोंड्यासकटचा पाव खाणार. रोज संध्याकाळी बूट घालून तासभर चालणार. नवऱ्याची सिगारेटसुद्धा तिनं लग्नाआधी अट घालून सोडवलेली. आणि ही? उभ्या उभ्या पाव आणि डब्यातलं खारवलेलं मांस, तळलेलं काय मिळेल ते, भाजी शिळी, फळ कधी तरी गिऱ्हाइकानं आणलं तर. दिवसभर स्टूल. न्यायानं बघायला गेलं तर हे दुखणं कुणाचं होतं? तिचंच. थोरलीचं. धाकटीनं तेही उचललं. नवा फ्रॉक, शाळा, पदवी, बापाची मांडी, लेकीचा खांदा उचलला तसंच. हा विचार वेड्यासारखा आहे हे तिला कळत होतं. पण वेड्यासारखा असला म्हणून तो काही उठून गेला नाही.

बाप सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. वरच्या मजल्यावर कोंदट खोली, त्यात ते धूड, आणि भिंतीत हातभर खिडकी. त्या खिडकीतून सिनेमा बघायला धाकटीला न्यायचा. ती लहान, स्टुलावर मावायची. थोरली वाढत्या अंगाची, शिवाय घरी काम. बाप घरी आला की त्याच्या शर्टाला जळका धुरकट वास असायचा, आणि थोरलीला सिनेमा म्हणजे तो वास, बादलीत सुटणारा. धाकटी रात्री अंथरुणात सिनेमाची गोष्ट सांगायला लागे, तर ही पाठ फिरवून म्हणे, "माहितीय मला." काय माहिती असणार. पण एक गोष्ट तिला माहीत होती जी धाकटीला नव्हती, आणि ती तिनं इतकी वर्षं कुणालाही दाखवली नव्हती, आईलाही नाही. बाप पन्नाशीच्या आतच वाळत चालला होता. थिएटरातले लोक म्हणायचे, उष्णता झाली, मशीनशेजारी बसतो ना. एके दिवशी पहाटे त्यानं थोरलीला हळूच हलवून उठवलं. हातात चादरीचा बोळा. "आईला नको, तिला आधीच काय कमी त्रास आहे? तू धू. गार पाण्यात धू, मीठ टाक. आणि धाकटीला कळू देऊ नकोस." मग वर्षभर असंच. सगळे उठायच्या आत मोरीत ती आणि तो लाल होत जाणारा पाण्याचा ओघळ. बाप दारात उभा राही, काही बोलत नसे, एकदा फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला. धाकटीला सिनेमे मिळाले, हिला हे. लोक कशाकशाचे दागिने करून ठेवतात. थोरलीनं त्या ओघळाचा केला होता. तो मेला तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं, अल्सर. थोरली गप्प राहिली. तिला वाटलं, धाकटी ओक्साबोक्शी रडतेय, रडू दे, पण तिला माहीत नाही ती कशासाठी रडतेय.

ऑपरेशन झालं. धाकटीची खोली म्हणजे उत्सव. शाळेतल्या पोरांनी रंगीत कागदाची फुलं पाठवली होती, शेजारणी रांग लावून येत होत्या, तिचा नवरा थर्मास घेऊन कोपऱ्यात देवमाणसासारखा बसलेला. लेकीनं ऑफिसातून रजा घेतली होती. थोरलीला मागं ताप भरला होता तेव्हा लेकीनं फोनवर गोळीचं नाव सांगितलं होतं. इथं ती चमच्यानं सूप भरवत होती आणि प्रत्येक चमच्याआधी फुंकर मारत होती. थोरली खिडकीशी खुर्चीत बसून बघत होती. चादरीचा कोपरा नीट खोचलेला नाही, इस्त्रीची घडी वाकडी पडलेली आहे, धुताना साबण पुरता निघालेला नाही. बघण्यासारखं दुसरं काही तिला बघवत नव्हतं. धाकटी खूपच पांढरी दिसत होती, आणि पांढरेपणा तिला शोभत होता. तिला काय शोभत नाही!

डॉक्टरीण आली. तरुण, केस आखूड, पायात मऊ चपला. आधी आलेल्या शिकाऊ पोरानं थोरलीला "आजी" म्हटलं होतं आणि "आजी असशील तू" हे ऐकून तो गेला होता. हिनं "काकू" म्हटलं, चाललं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि समजावून सांगायला लागली. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला चामखिळीसारखे कोंब येतात. बहुतेक निरुपद्रवी. पण काही काही वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि त्यातला एखादा बिघडतो. तो बिघडायच्या आत दुर्बिणीनं बघून काढून टाकला तर पुढचं सगळं टळतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर प्रत्येकानं तपासून घ्यावं, काही होत नसलं तरी. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची साधी तपासणीसुद्धा असते. पोटाची सवय बदलली, शौचात रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं, थकवा येऊ लागला, तर वयबिय बघत बसायचं नाही, लगेच यायचं. आणि घरात कुणाला झालं असेल, आईवडील, सख्खी भावंडं, मुलं, तर इतरांपेक्षा लवकर सुरुवात करायची. "काकू, तुमची तर करायलाच हवी. सख्ख्या बहीण ना तुम्ही."

"मला काय धाड भरलीय," थोरली म्हणाली.

"आईला काही होत नाही हो," लेक डॉक्टरणीला म्हणाली, सुपाचा वाडगा हलवत. "दगड आहे ती." कौतुकानं म्हणाली. दगडाला जसं कौतुकानं म्हणतात तसं. "माझं काय पण? मी भाची."

"तुमचं तुमच्या आईवर ठरेल. त्यांच्यात काही निघालं नाही, आणि घरात आणखी कुणाला नसेल, तर तुम्हाला अजून वेळ आहे. आणखी कुणाला होतं का, आजी-आजोबांना?"

"कुणाला नाही," उशीवरून धाकटी म्हणाली. आवाज पातळ झाला होता, पण शिक्षिकेचा होता. "आमचे बाबा अल्सरनं गेले. मला पक्कं माहितीय ना. मीच असायचे त्यांच्याजवळ शेवटी. मला ते सगळं सांगायचे."

"चला, मग मला काही वर्षं सुट्टी," लेक म्हणाली.

थोरलीला ते दोन्ही एकदम ऐकू आलं, लेकीची सुट्टी आणि धाकटीचं "सगळं". त्या सुट्टीत लेक चाळिशी ओलांडेल, स्टुलासारख्या खुर्चीवर दिवसभर बसेल, आणि एक दिवस बाथरूममध्ये पाण्याचा नळ सोडून उभी राहील. हे दिसलं तरीही ती कदाचित गप्प बसली असती. पुढं बोलू, घरी बोलू, असं म्हणून. दागिना उघड्यावर काढायला जीव होत नव्हता. तिला बोलतं केलं ते "सगळं" ह्या शब्दानं. सगळं! स्टुलावर बसून सिनेमे बघणारीला!

"काय सांगायचे तुला?" ती म्हणाली. उठून उभी राहिली होती हे तिला मागाहून कळलं. "काय सांगायचे, ऐकू दे की. तुला काडीचं माहीत नव्हतं. अल्सर म्हणे! रक्त जायचं त्यांना. वर्षभर. चादरी कोण धूत होतं? मी. तू लोळत पडलेली असायचीस. मला उठवायचे, मला. तुला कळू द्यायचं नाही म्हणून मला सांगितलं होतं, मला एकटीला."

"ताई, काय बोलतेस..."

"खरं ते. आणि तुझं काय एवढं कौतुक? किती दिवस जात होतं तुला रक्त? सांगितलंस ना त्या डॉक्टरणीला, किती?"

"दोन महिने," धाकटी पुटपुटली.

"दोन महिने! मला वर्ष झालं."

ते बोलून झाल्यावर क्षणभर तिला जिंकल्याचंच सुख झालं. मोठं, उघडं, गरम सुख. लगेच थर्मासच्या झाकणातून निघणारी बारीक शीळ ऐकू येऊ लागली. डॉक्टरणीनं तिच्याकडे बघण्याची तऱ्हाच बदलली. आता ती तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या, नखं आणि सैल ब्लाऊज बघत होती. "काकू, बसा," ती म्हणाली. "वजन कधीपासून उतरतंय?" धाकटीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. तिचा खांदा हलत होता. "मला का नाही सांगितलं त्यांनी," ती भिंतीला विचारत होती. "ताई, तुला सांगितलं. मला का नाही?" तो आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. अंथरुणात पाठ फिरवून, तोंडात पदराचा बोळा धरून, त्या आवाजात ती स्वतः कित्येक वर्षं बोलली होती. धाकटीकडे तो आवाज असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि लेक. लेक सुपाचा वाडगा तसाच हातात धरून आईकडे बघत होती. किती वर्षं थोरलीला वाटत होतं, एकदा तरी पोरीनं मावशीला सोडून माझ्याकडे असं रोखून बघावं. आता ती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते थोरलीला अजिबात नको होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी घशाखाली उतरवायचं ते औषध म्हणजे समुद्रात कुणी लिंबू पिळलं असावं. ग्लासामागून ग्लास. आतडं धुऊन काढायचं, डॉक्टरणीनं सांगितलं होतं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हे थोरलीला लगेच पटलं; धुणं अर्धवट सोडणाऱ्यांचा तिला रागच होता. भर दुपारी, पाचव्या-सहाव्या फेरीनंतर, ती बाथरूमशेजारी पाटावर बसली होती तेव्हा फोन वाजला. धाकटी.

"नाक दाबून पी. गार करून पी. मध्ये स्ट्रॉ धर."

"तू सगळं प्यायलीस?"

"शेवटचा ग्लास ओतून दिला मोरीत."

"मी ओतणार नाही," थोरली म्हणाली आणि पुढचा ग्लास तोंडाला लावला.

पलीकडे धाकटी जराशी हसली, मग हसायचं थांबली. टाके ओढले असतील. "ताई, खरंच सांग. बाबा काय म्हणाले होते? शब्दन् शब्द."

थोरलीनं ग्लास खाली ठेवला. शेवटचं उरलेलं तेवढंच होतं तिच्याकडे. "म्हणाले, धाकटीला कळू देऊ नकोस. घाबरेल ती."

"म्हणजे मी घाबरट."

"आणि मी दगड. मला कुणी विचारलं, तू घाबरशील का म्हणून?"

"घाबरलीस?"

नळ गळत होता. तिनं तो हात लांबवून बंद केला. "तोंड बंद करून धूत होते ना. उघडलं असतं तर ओरडले असते."

बराच वेळ दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही. मग थोरलीला पुन्हा उठावं लागलं, आणि "थांब गं मेले, आलं" म्हणून तिनं तो तसाच पाटावर टाकला.

गुंगीतून जाग आली तेव्हा लेक शेजारी होती. पर्स आईची होती खांद्यावर, रेक्झिनची, लॉन्ड्रीच्या साबणाचा वास मारणारी, आणि थोरलीनं ती ओळखायला वेळ घेतला. डॉक्टरणीनं सांगितलं, चार कोंब मिळाले, सगळे काढले. त्यातला एक मोठा होता, तोच रक्त सोडत होता. त्यात बिघाड सुरू झाला होता, पण तो वरवरचाच असावा असं वाटतंय, तपासायला पाठवलाय. आणखी वर्षभर गार पाण्यात धूत बसल्या असतात काकू, तर मात्र गोष्ट वेगळी होती. थोरलीची जीभ जड होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो, "धाकटीचे किती होते?" डॉक्टरीण हसली. लेक हसली नाही, तिनं आईच्या दंडात तोंड खुपसलं आणि हुंदका दिला, आणि तो थोरलीच्या कातडीला ओला लागला. काही दिवसांनी निकाल आला, मुळाशी गेलेलं नव्हतं. आता ठरावीक काळानं पुन्हा बघत राहायचं, खाणं सुधारायचं, चालायचं. ती चालायला लागली. धाकटीला मात्र केमो. तिचे केस विरळ व्हायला लागले, शेजारणी पुन्हा रांग लावू लागल्या, आणि थोरलीला, खोटं कशाला, त्या रांगेचंही थोडं वाटलंच. आपलं दुखणं एवढ्यात आटोपलं. पण ते वाटणं आता जुन्या कपड्यासारखं होतं. अंगावर यायचं, बसायचं नाही.

आता नंबर लेकीचा होता. आजोबा, मावशी, वर आईचा तो बिघडलेला कोंब, एवढं सगळं ऐकल्यावर डॉक्टरणीनं वाट बघायचं नावच काढलं नाही. त्या दिवशी सकाळी थोरली तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली, तर तिथं धाकटी आधीच बसलेली. डोक्याला रुमाल, अंगात स्वेटर, ओठांना सालं आलेली.

"तू कशाला मरायला आलीस अशा अवस्थेत?"

"मला राहवलं नाही. तिला आत भीती वाटत असेल."

"तिची आई आहे बाहेर."

"मी कुठं म्हटलं नाही?"

दोघी एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोर दार. दाराच्या वर छोटा लाल दिवा. पलीकडून चाकांचा, धातूच्या भांड्याचा, कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येई आणि मिटून जाई. थोरलीच्या मनात एकच चाललं होतं: हिच्यात काही नको. एकही नको. जन्मभर तिनं पोरीसाठी दुसऱ्यांपेक्षा जास्त मागितलं होतं, जास्त मार्क, जास्त पगार, मावशीनं दिलं त्याहून जास्त; आता ती शून्य मागत होती आणि कुणाकडे मागायचं ते कळत नव्हतं. धाकटी ओठ हलवत होती. काय पुटपुटतेस विचारलं असतं तर तीच मागणी निघाली असती, हे थोरलीला न विचारता समजलं, आणि त्याचा तिला राग आला. मग तो राग कुठं ठेवावा ते तिला सुचेना.

दिवा विझला. दार उघडून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "आतल्या मुलीबरोबर कोण आहे? डॉक्टर बोलावतायत."

दोघी उभ्या राहिल्या. धाकटीला एकटीनं उठता येईना, तिनं थोरलीचा दंड धरला होता, आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही.

"दोघी नका येऊ," नर्स म्हणाली. "जवळचं कोण?"

नर्सच्या चेहऱ्यावर थोरलीनं डागासारखं काहीतरी शोधून बघितलं. काही नव्हतं, किंवा नर्सांचे चेहरे रोज उकळत्या पाण्यातून काढलेले असतात. एवढी वर्षं ह्या एका प्रश्नासाठी ती जळली होती, कुणीतरी चारचौघांत विचारावं आणि आपण पुढं व्हावं. आता विचारलं होतं आणि तिनं पाऊल पुढं टाकलं नव्हतं. त्या दारापलीकडे जे असेल ते आधी कळणार होतं ते जवळच्यालाच. एका क्षणासाठी, एकाच, तिला वाटलं, धाकटीला पाठवावं. जा तू, तुलाच ती हवी असते ना सगळी, घे, आधी तू ऐक.

धाकटीनं दंडावरची पकड सैल केली. भिंतीला टेकली. "जा ना ताई," ती म्हणाली. "तुझीच आहे ती."

"माहितीय मला," थोरली म्हणाली आणि तिनं दार ढकललं.